कॉर्डलेस हँडहेल्ड व्हॅक्यूम क्लीनर: सत्तावीस वॉट-तासांचा हिशेब

हातात धरून वापरायच्या कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत पास्कलचा, म्हणजे दाबाचा, आकडा छापलेला असतो, आणि त्या यंत्राने घरातला केर कितपत निघेल याची सर्वांत कमी माहिती त्याच आकड्यातून मिळते. मी परीक्षणासाठी घेतलेल्या यंत्रावर १५,००० पास्कल असे लिहिलेले आहे. बाकीची माहिती लहान अक्षरांत आहे: १०.८ व्होल्ट, २,५०० मिलीअँपिअर-तास, १२० वॉट, वजन ७२० ग्रॅम, ब्रशविरहित मोटर, धुता येणारा फिल्टर आणि यूएसबी-सी चार्जिंग. यंत्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच रचनेची आणि जवळपास याच मापांची यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात. त्यामुळे इथे परीक्षण आहे ते या रचनेचे. ती रचना बऱ्याच अंशी चांगली आहे, आणि जिथे कमी पडते तिथे मोटर किंवा बॅटरी कमी पडत नाही, रबराचे एक कडे आणि हवा बाहेर पडण्याची जागा कमी पडते.

आधी त्या पास्कलच्या आकड्याचा निकाल लावू. यंत्राचे तोंड हाताने पूर्ण बंद केले असता आत जो कमी दाब निर्माण होतो, त्याचे हे माप आहे. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो, म्हणजे बंद तोंडाशी हे यंत्र तो साधारण सातव्या हिश्शाने कमी करते. परंतु तोंड बंद असताना आतून हवा वाहतच नाही, आणि हवा वाहत नसेल तर धुळीचा एक कणही जागचा हलत नाही. याच्या उलट, तोंड पूर्ण मोकळे असेल तेव्हा हवा भरपूर वाहते पण दाबाचा फरक जवळजवळ उरत नाही. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मध्ये होते. दाबातला फरक आणि दर सेकंदाला वाहणारी हवा यांचा गुणाकार केला की हवेला मिळालेली शक्ती वॉटमध्ये येते, आणि पंख्याचे वर्तन साधारण सरळ रेषेत धरले तर ही शक्ती दाब व प्रवाह दोन्ही आपापल्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर असताना सर्वाधिक असते. या यंत्रावर प्रवाहाचा आकडा छापलेलाच नाही. मात्र बॅटरीतून १२० वॉट घेतले जातात आणि या आकाराच्या मोटर व पंख्याची एकत्रित कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास धरता येते, यावरून हवेच्या वाट्याला साधारण ४५ वॉट येतात असा अंदाज बांधता येतो. उलट गणित केले तर मोकळ्या तोंडाशी सेकंदाला १२ लिटर आणि प्रत्यक्ष काम करताना ६ लिटर हवा, असे उत्तर निघते. पुढची सारी चर्चा या ६ लिटरभोवती फिरते.

भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांशी या ४५ वॉटांची तुलना करण्यात अर्थ नाही. युरोपीय संघाने २०१७ च्या सप्टेंबरपासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला घातलेली कमाल मर्यादाच ९०० वॉटची आहे, म्हणजे तिथे काटकसर करून उरलेली शक्तीसुद्धा हे यंत्र बॅटरीतून घेते त्या १२० वॉटच्या साडेसात पट आहे. इथे हाताशी एकूण भांडवल, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा किती, तर १०.८ गुणिले २.५, म्हणजे २७ वॉट-तास. सगळी अभियांत्रिकी या मर्यादेतून सुरू होते. मोटर किती जोराने फिरवायची, सायक्लोनमध्ये (हवा गोल फिरवून केर वेगळा करणाऱ्या भागात) किती दाब खर्ची पडू द्यायचा, फिल्टर किती दाट ठेवायचा आणि तोंड किती रुंद करायचे, हे सगळे प्रश्न त्या २७ वॉट-तासांच्या वाटणीचे आहेत. सॉकेटवरच्या यंत्रात एखादी गळती किंवा अरुंद वळण खपून जाते, इथे त्याची किंमत मिनिटांमध्ये मोजावी लागते.

बॅटरीमध्ये १८६५० या मापाचे तीन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. हे नाव मापावरूनच आले आहे: १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एका सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असते, म्हणजे तिन्ही मिळून यंत्राच्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. या प्रकारच्या घरगुती यंत्राला लोकप्रियता मिळवून देणारा ब्लॅक अँड डेकरचा डस्टबस्टर १९७९ मध्ये आला, तेव्हा त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. त्यांचा प्रत्येकी दाब १.२ व्होल्ट असे आणि वजनाच्या मानाने त्यांत ऊर्जा फार कमी मावत असे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणले, परंतु ते दहा-बारा अँपिअरचा प्रवाह निमूटपणे देऊ लागले, त्याला पुढे बराच काळ जावा लागला. या यंत्राला नेमका तोच गुण लागतो. पूर्ण भरलेल्या तीन सेलचा एकत्रित दाब १२.६ व्होल्ट असतो आणि तेव्हा १२० वॉटसाठी साडेनऊ अँपिअर पुरतात. बॅटरी उतरत ९ व्होल्टवर आली की तेवढ्याच शक्तीसाठी तेरा अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. प्रत्येक सेलला थोडासा अंतर्गत रोध असतोच, आणि त्यात होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मूठ चांगलीच गरम लागते. हा बिघाड नाही. शक्ती शेवटपर्यंत एकसारखी ठेवण्याचा तो मोबदला आहे. जुन्या यंत्रांमध्ये असे नियंत्रण नसे, बॅटरी उतरेल तशी मोटर मंदावत जाई आणि निम्मे काम अर्ध्या जोरावर होई.

पूर्ण वेगावर हे यंत्र सुमारे १२ मिनिटे चालते. साधा भागाकार १३.५ मिनिटे सांगतो, पण जास्त प्रवाहावर काही ऊर्जा सेलच्या आतच उष्णतेत जाते आणि नियंत्रक सेल पूर्ण रिकामे होऊ देत नाही, हे पाहता १२ मिनिटे प्रामाणिक म्हटली पाहिजेत. कमी वेगावर ते सुमारे ३४ मिनिटे चालते. बहुतेक लोक या कमी वेगाला दुय्यम मानतात. माझ्या मते खरे यंत्र तेच आहे, आणि त्याचे कारण पंख्यांच्या नियमांत आहे. पंख्याचा वेग कमी केला की हवेचा प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, दाब वेगाच्या वर्गाने घटतो आणि लागणारी शक्ती घनाने घटते. इथे कमी वेगावर सुमारे ४५ वॉट खर्च होतात, म्हणजे पूर्ण वेगाच्या तीन-अष्टमांश. घनमूळ काढले तर पंखा ७२ टक्के वेगाने फिरत असतो. हवेचा प्रवाहही ७२ टक्के राहतो आणि खेच मात्र निम्म्याच्या किंचित वर. थोडक्यात, पाव हिश्शाहून थोडी जास्त हवा सोडून दिली की वेळ जवळपास तिप्पट मिळतो. कपाटाच्या फळ्या, खिडकीच्या खाचा, संगणकाचा कीबोर्ड, जिन्याच्या पायऱ्यांचे कोपरे या सगळ्यांना तेवढी हवा पुरते. पूर्ण वेग लागतो तो वाळूसारख्या जड कणांना आणि कापडात रुतलेल्या केसांना. वेग बदलण्याचे बटण मात्र अंगठ्याच्या टप्प्याबाहेर, मागच्या बाजूला आहे आणि यंत्र दरवेळी पूर्ण वेगावरच सुरू होते. हा निर्णय अभियंत्याचा वाटत नाही. दुकानात पहिल्या क्षणी जोर दिसावा, या हिशेबाने तो घेतलेला दिसतो.

मोटरबद्दल तक्रारीला जागा नाही. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज कार्बनच्या ब्रशांमधून मिळते. ते घासतात, झिजतात, ठिणग्या पाडतात आणि वेगाला मर्यादा घालतात. ब्रशविरहित मोटरमध्ये फिरतो तो निओडिमियमचा शक्तिशाली चुंबक, आणि भोवतालच्या स्थिर गुंडाळ्यांमधला प्रवाह कधी कोणत्या दिशेने न्यायचा हे एक छोटे सर्किट ठरवते. घासणारे काही उरले नाही की वेग वाढवता येतो. या यंत्रात तो मिनिटाला एक लाख फेऱ्यांचा आहे. पंख्याचा व्यास फक्त ३८ मिलिमीटर असूनही पात्यांची टोके सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने फिरतात. जुन्या धाटणीचा ६० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकांचा वेग सेकंदाला ९५ मीटरही भरत नाही. पंख्याने निर्माण होणारा दाब टोकांच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे लहान पंखा इथे साडेचार पट सरस ठरतो, शिवाय जागा आणि वजन वाचते ते वेगळेच. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा तोल केसाइतकाही ढळलेला चालत नाही. मुठीत जाणवणारी थरथर या यंत्रात इतकी कमी आहे, की जुळणी काळजीपूर्वक झाली आहे असे म्हणायला हरकत नाही.

आवाजाची गोष्ट जराशी गमतीची आहे. पंख्याला नऊ पाती आहेत. एका सेकंदात १,६६७ फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात नऊ पाती, म्हणजे हवेला दर सेकंदाला १५,००० धक्के बसतात आणि तेवढ्या हर्ट्झची शीळ तयार होते. ही शीळ मुलांना स्पष्ट ऐकू येते, उतारवयात बहुतेकांना येत नाही. कमी वेगावर मात्र ती १०,८०० हर्ट्झवर उतरते आणि बहुतेक प्रौढांच्या कानांच्या टप्प्यात शिरते. त्यामुळे कमी वेगावर एकूण घोंगावणे कमी होऊनही एक बारीक, टोचणारा सूर जास्त जाणवतो. पाती नऊऐवजी तेरा असती तर पूर्ण वेगावरचा सूर २१,००० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडे गेला असता.

आता तोंडाकडे, कारण बाकी सगळे यंत्र ज्या जागेसाठी राबते ती हीच. फुंकर आणि शोषण यांत एक मूलभूत फरक आहे: फुंकलेली हवा झोताच्या रूपाने लांबवर जाते, पण शोषलेली हवा तोंडाकडे सर्व बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावरच हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. व्हॅक्यूम क्लीनर केर दुरून ओढून घेईल ही अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. तोंड पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेलेच असावे लागते. त्यातही तोंडाच्या आकाराने फार फरक पडतो. सोबत आलेली फटीची नळी ३० मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद तोंडाची आहे. सेकंदाला ६ लिटर हवा त्यातून जाताना तिचा वेग ३३ मीटर होतो. रुंद तोंड ९० बाय १२ मिलिमीटरचे आहे आणि तीच ६ लिटर हवा तिथे साडेपाच मीटरच्या वेगाने शिरते. साडेपाच मीटरचा वारा धूळ, केस आणि कागदाचे कपटे उचलतो, पण खडीच्या कणांना तो हलवूही शकत नाही. पायपुसण्यात अडकलेली रेती रुंद तोंडाने निघत नाही आणि फटीच्या नळीने लगेच निघते, याचे कारण मोटरमध्ये शोधण्याची गरज नाही.

फटीच्या नळीचे टोक तिरके कापलेले आहे आणि त्याच्या कडेला दोन लहान खाचा आहेत. या खाचा सहज दुर्लक्षित होतात, पण त्या नसत्या तर सपाट पृष्ठभागावर नळी टेकताक्षणी तोंड बंद झाले असते, हवा थांबली असती आणि यंत्र पृष्ठभागाला नुसते चिकटून बसले असते. खाचांमुळे थोडी हवा नेहमी आत येत राहते आणि उचललेल्या कणांना पुढे वाहून नेते. रुंद तोंडाला अशी एकही खाच नाही, आणि पडद्यासारख्या सैल कापडावर ते लगेच कापड गिळते. कापडासाठी दिलेला ब्रश साधा, न फिरणारा आहे. गादीत किंवा गालिच्यात रुतलेली धूळ हवेच्या जोरावर निघत नाही, तंतू हलवून ती आधी मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी मोटरने फिरणारा गोल ब्रश हवा. तसा ब्रश लावायचा तर तोंडापर्यंत विजेचे संपर्कबिंदू न्यावे लागतात आणि त्या २७ वॉट-तासांचा आणखी एक वाटेकरी वाढतो. या यंत्रात तो दिलेला नाही, हे मला योग्य वाटते. खोक्यावर गालिच्याचे चित्र छापणे मात्र योग्य वाटत नाही.

तोंडातून आलेली हवा धूळपात्रात कडेने, स्पर्शरेषेच्या दिशेने शिरते आणि गोल फिरू लागते. लाकूड कापण्याच्या गिरण्यांमध्ये भुसा हवेपासून वेगळा करण्यासाठी सायक्लोनची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. इथे हवा सेकंदाला २० मीटर वेगाने दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते असे धरले, तर कणांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,००० पट जोर बाहेरच्या दिशेने जाणवतो आणि जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली उतरतात. त्रिज्या निम्मी केली की हा जोर दुप्पट होतो. महागड्या यंत्रांमध्ये एका मोठ्या शंकूऐवजी अनेक लहान शंकू बसवलेले असतात ते यासाठी. पण प्रत्येक शंकू हवेच्या दाबातला काही भाग घेतो, आणि ४५ वॉटांच्या यंत्रात ती चैन परवडत नाही. इथे एकच शंकू आहे आणि त्याच्या मध्यभागी धातूची बारीक जाळी आहे. केस, लोकर, रेती आणि दिसणारी धूळ पात्रात राहते; काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण जाळीतून पुढे जातात. पात्रावर आखलेल्या मर्यादेच्या रेषेचाही अर्थ इथेच लागतो: केर त्या रेषेच्या वर गेला की फिरणारी हवा साठलेलीच धूळ पुन्हा उचलून जाळीकडे नेऊ लागते. केर आत ठेवणारी रबरी झडप चोख आहे. भरलेले यंत्र तोंड खाली करून धरले तरी काही सांडत नाही.

जाळीतून निसटलेले सगळे फिल्टरवर येऊन पडते, आणि या यंत्राचे गुणदोष मला सर्वांत स्पष्ट तिथे दिसले. फिल्टरची चकती ५ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जेमतेम २० चौरस सेंटिमीटरची आहे. सपाट चकती वापरली असती तर ६ लिटर हवेला तिच्यातून सेकंदाला ३ मीटर वेगाने जावे लागले असते आणि दाब जवळपास सगळा तिथेच संपला असता. तोच कागद घड्या घालून ३०० चौरस सेंटिमीटरचा केला की वेग २० सेंटिमीटरवर येतो. अशा दाट फिल्टरमध्ये लागणारा दाब साधारण वेगाच्या प्रमाणात असल्याने घड्यांमुळे नुकसान पंधराव्या हिश्शावर येते. इथल्या घड्या खोल आणि एकसारख्या अंतरावर आहेत, आणि हे काम चांगले झाले आहे. घड्या फार दाट असत्या तर धूळ त्यांच्या मध्ये अडकून आतला पृष्ठभाग निकामी झाला असता.

अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरसाठी वापरला जाणारा ‘हेपा’ हा शब्द मात्र सावधपणे वाचावा लागतो. युरोपीय मानकातल्या एच१३ या वर्गाचा फिल्टर सर्वांत अवघड आकाराचे कण ९९.९५ टक्के अडवतो. हे अवघड कण साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. त्याहून मोठे कण तंतूंवर आपटतात, त्याहून लहान कण वेडेवाकडे भटकत तंतूंना चिकटतात, आणि मधल्या आकाराचे कण दोन्हींतून निसटतात. या यंत्राच्या माहितीपत्रकात ‘हेपा प्रकारचा’ एवढेच लिहिले आहे, वर्ग दिलेला नाही. घरातल्या ज्या धुळीचा त्रास होतो, ते परागकण आणि धूळकिड्यांची विष्ठा, तिचे कण बहुतांशी दहा मायक्रॉनच्या पुढचे असतात आणि त्यांना हा फिल्टर पुरून उरतो. प्रश्न फिल्टरचा नाहीच, त्याच्या भोवतीच्या रबरी कड्याचा आहे. फिल्टर काढून त्याची स्वच्छ बाजू पांढऱ्या कापडाने पुसली, तर खटक्याच्या बाजूला कडेलगत करड्या धुळीची एक बारीक रेघ सापडते. फिल्टर एकाच खटक्याने धरलेला आहे, त्यामुळे कड्यावर सगळीकडे सारखा दाब पडत नाही आणि तिथून थोडी हवा न गाळताच मोटरकडे जाते. कागद कितीही उत्तम वर्गाचा असो, अशा फटीतून गेलेल्या हवेला तो काहीच करू शकत नाही. दोन समोरासमोरचे खटके किंवा आटे पाडलेली चकती दिली असती तर हा दोष सहज टळला असता.

फिल्टर धुता येतो, परंतु धुतल्यावर तो किमान चोवीस तास वाळू द्यावा लागतो. ओल्या घड्यांतून हवा जात नाही, आणि जी जाते ती ओलावा मोटरपर्यंत नेते. सोबत दुसरा फिल्टर दिला आहे, ही गोष्ट कोणत्याही चमकदार दिव्यापेक्षा उपयोगाची आहे. फिल्टर तुंबल्याची खूण सांगण्यासारखी आहे: मोटरचा सूर खाली जाण्याऐवजी वर चढतो. हवा येईनाशी झाली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो अधिक वेगाने फिरू लागतो. कानाला यंत्राला जोर आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते रिकामे फिरत असते, आणि मोटर थंड ठेवणारी हवाही तीच असल्यामुळे ते तापतही असते. नियंत्रकाला हे ओळखता येते; या यंत्रात असे झाल्यावर मोटर ठराविक अंतराने थांबत-चालत इशारा देते. भिंतीची पुट्टी घासल्यावर पडणारी पांढरी भुकटी किंवा प्रिंटरची शाई-पूड ओढली तर हा इशारा फार लवकर मिळतो. अशा पुडींसाठी आणि राखेसाठी हे यंत्र वापरूच नये. राखेत विस्तव असू शकतो आणि पात्र प्लास्टिकचे आहे.

रिकाम्या यंत्राचे आकडे किती फसवे असतात याची नोंद न्यायालयातही झालेली आहे. युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॅक्यूम क्लीनरच्या ऊर्जालेबलचा नियम रद्द ठरवला, आणि त्यामागचा मुद्दा हाच होता की चाचणी धूळपात्र रिकामे ठेवून केली जात होती, जी प्रत्यक्ष वापराच्या जवळची नव्हती. कॉर्डलेस यंत्रांच्या मोजमापासाठी आयईसी ६२८८५-४ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण या यंत्राच्या खोक्यावर त्याचा उल्लेख नाही. घरच्या घरी मात्र पात्र निम्मे भरलेले आणि फिल्टर धूळ धरलेला असताना तीच खाच पुन्हा साफ करून पाहता येते. कमी वेगावर या यंत्राची खेच तेव्हा जाणवण्याइतकी घटते, पूर्ण वेगावर फारशी घटत नाही. एका शंकूच्या यंत्राकडून यापेक्षा जास्त मागणे अन्यायाचे होईल.

हातातला तोल विचारपूर्वक साधलेला आहे. मोटर मुठीच्या वर, पात्र पुढे आणि तिन्ही सेल मुठीच्या आत अशी मांडणी असल्यामुळे पुढचा भार काही प्रमाणात मागे तोलला जातो. पात्र भरल्यावरही मनगट फारसे दुखत नाही. दाबून धरायच्या खटक्याऐवजी एकदा दाबले की चालू राहणारे बटण आहे. बोटे दुखत नाहीत, पण एका फळीवरून दुसरीवर जाताना बॅटरी फुकट जाते. बारा मिनिटांच्या यंत्रात मी खटकाच पसंत केला असता. याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे हवा बाहेर पडण्याच्या झरोक्यांची जागा. ते दोन्ही बाजूंना, जरासे पुढच्या दिशेने आहेत. फळीवर यंत्र आडवे धरले की आत ओढली जाणारी ६ लिटर हवा बाजूने तितक्याच जोराने बाहेर येते आणि शेजारची, अजून न उचललेली धूळ उडवून लावते. फुंकलेली हवा लांब जाते हे वर आलेच आहे. झरोके मागे वळवले असते तर हवा वापरणाऱ्याच्या अंगावर आली असती हे खरे, पण वरच्या बाजूला जागा होती.

चार्जिंग यूएसबी-सीने होते, यामुळे वेगळा चार्जर सांभाळावा लागत नाही. मात्र ५ व्होल्टच्या साध्या चार्जरमधून १२.६ व्होल्टची बॅटरी भरायची तर आतल्या सर्किटला आधी व्होल्टेज वाढवावे लागते, त्यात थोडी ऊर्जा जाते, आणि १० वॉटच्या दराने २७ वॉट-तास भरायला तीन ते साडेतीन तास लागतात. लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली किंवा ४५ अंशांवर भरू नयेत, हा सर्वमान्य संकेत आहे. पूर्ण वेगावर बॅटरी संपवल्यानंतर ती थंड होईपर्यंत थांबावे असे माहितीपत्रक सांगते, यंत्र स्वतः मात्र थांबत नाही, केबल जोडताच भरू लागते. गरम सेल लगेच भरणे आणि पूर्ण भरलेला सेल महिनोन्महिने तसाच ठेवणे, या दोन्हींनी त्यांचे आयुष्य घटते. बरेच दिवस वापर होणार नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी.

असे सेल काही शे वेळा भरल्या-उतरल्यानंतर त्यांची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते. तेव्हा पूर्ण वेगावर १२ ऐवजी साडेनऊ मिनिटे मिळतील, आणि अंतर्गत रोध वाढलेला असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मोटर याच्या कितीतरी पुढे टिकेल. म्हणजे यंत्राचे आयुष्य बॅटरी ठरवणार, आणि ती बदलण्याची सोय इथे अर्धवट आहे: मुठीचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले आहेत, चिकटवलेले नाहीत, ही जमेची बाजू, पण आतले सेल पट्ट्यांनी एकमेकांना जोडून सर्किटला डाख देऊन बसवलेले आहेत, त्यामुळे ते काम घरी करण्यासारखे नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशीच द्यावी लागणार आहे. या रचनेची पुढची आवृत्ती त्या नियमात बसणारी निघाली, फिल्टरला दुसरा खटका मिळाला आणि झरोके वर गेले, तर कमी वेगावर चालणारे हे यंत्र फळ्या, खाचा, पायऱ्या आणि गाडीच्या आसनांसाठी मी निःशंकपणे सुचवेन. आज सुचवतो ते दोन अटींवर: फिल्टरच्या कड्यावर दर खेपेला लक्ष ठेवावे, आणि गालिचे दुसऱ्या यंत्राकडे सोपवावेत.